एका आकड्यापाशी थांबणारे घड्याळ

१९ जानेवारी २०३८ रोजी मंगळवार आहे. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी अनेक जुन्या संगणकांच्या आणि संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या पोटातला एक आकडा आपल्या शेवटच्या मर्यादेला टेकेल. तो आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. अक्षरांत लिहायचा तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. रुग्णालयात ही वेळ रात्रपाळीच्या परिचारिकांनी दिवसपाळीकडे वॉर्ड सोपवून झाल्यानंतरची आणि केसपेपरच्या खिडकीसमोर रांग वाढत जाण्याची. पुढच्याच सेकंदाला काही यंत्रांची समजूत होईल की आजची तारीख १३ डिसेंबर १९०१ आहे.

हे भाकीत नाही, साधे गणित आहे. आणि ज्या आकड्याभोवती ते फिरते, तो गणिताच्या इतिहासातला एक नामांकित आकडा आहे. संगणक जन्माला येण्याच्या जवळपास पावणेदोनशे वर्षे आधी एका अंध होत चाललेल्या गणितज्ञाने त्याचे गुणधर्म सिद्ध करून ठेवले होते. आरोग्यसेवेशी त्याचा संबंध काय, हे समजून घेण्यासाठी आधी आकड्याचीच ओळख करून घ्यावी लागते.

बुद्धिबळाच्या पटाची आणि तांदळाच्या दाण्यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. पहिल्या पाच घरांत मिळून ३१ दाणे होतात. पहिल्या ३१ घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज केली, की ती बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरते. तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा धरला तर हे सुमारे ४३ टन तांदूळ झाले. आणि बत्तिसाव्या घरात किती दाणे? या सगळ्या बेरजेपेक्षा फक्त एक जास्त. गणिताच्या भाषेत, दोनाला दोनाने गुणत ३१ वेळा दोन घ्यायचे आणि येणाऱ्या गुणाकारातून एक वजा करायचा.

हा आकडा किती मोठा आहे, याचा अंदाज शरीरावरूनही येतो. प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा धडधडते असे धरले, तर इतके ठोके पूर्ण व्हायला सुमारे ५७ वर्षे लागतात. लहानपणी ठोके जास्त वेगाने पडतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीच. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांच्या हृदयाने हा आकडा गाठला आहे किंवा ते त्याच्या उंबरठ्यावर आहे. आणि ते न थांबता पुढे चालले आहे. दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजत बसले, तर हा आकडा पूर्ण व्हायला ६८ वर्षे १८ दिवस ३ तास १४ मिनिटे ७ सेकंद लागतात. एका माणसाचे जवळजवळ अख्खे आयुष्य. पुढची सगळी गोष्ट या ६८ वर्षांतच दडलेली आहे.

संख्यांचेही वर्ग असतात, जसे रक्ताचे गट असतात. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांशिवाय दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. तिच्या शेजारच्या दोन संख्या पाहिल्या तर तिचे वेगळेपण लगेच जाणवते. पुढची २,१४,७४,८३,६४८ ही निव्वळ दोनांच्या गुणाकाराने बनली आहे. मागची २,१४,७४,८३,६४६ हिला २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ या सगळ्यांनी भाग जातो. अशा दोन ठिसूळ शेजाऱ्यांच्या मध्ये ही एक मात्र कशानेच फुटत नाही.

दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारें मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. ३, ७, ३१, १२७ या त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या चार संख्या. आपली संख्या या मालिकेत आठवी. तिचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिच्या घातांकाच्या जागी असलेला ३१ हा स्वतःही मर्सेन मूळ संख्याच आहे. असा दुहेरी मान फार थोड्या संख्यांना मिळाला आहे. आजवर जगात अशा एकूण ५२ मर्सेन मूळ संख्या सापडल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि ती लिहून काढायला ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक लागतात.

मराठी वाचकाला संख्यांच्या अशा वर्गीकरणाची गोडी लावली ती देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद संख्या' असे गोड नाव दिले. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ४६ येते. पण तो मूळ संख्या असल्याने त्याला ४६ ने भाग जाणे शक्यच नाही. म्हणून तो हर्षद नाही. कापरेकरांच्या मोजपट्टीवर हा आकडा आनंद देणारा ठरत नाही, हा निव्वळ योगायोग; पण पुढचा इतिहास पाहता तो लक्षात राहण्यासारखा आहे.

मोठी संख्या मूळ आहे असे म्हणणे सोपे, ते सिद्ध करणे कठीण. इटलीच्या पिएत्रो कातालदी याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोनाच्या २३, २९, ३१ आणि ३७ या घातांतून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळतात, असा दावा केला. १६४० मध्ये फर्माने दाखवून दिले की २३ आणि ३७ चे दावे खोटे आहेत. २९ चा दावा ऑयलरने मोडला. त्या संख्येला २३३ ने भाग जातो. चारांपैकी तीन दावे पडले. उरला फक्त ३१ चा. तो खरा होता, पण तो खरा आहे हे म्हणणाऱ्याकडे पुरावा नव्हता. वैद्यकशास्त्रात अशी उदाहरणे पावलोपावली भेटतात. अनुभवाच्या जोरावर सांगितलेल्या चार उपचारांपैकी एखादा खरोखर गुणकारी निघतो, म्हणून उरलेले तीन तपासण्याची गरज संपत नाही. आणि जो गुणकारी निघाला, तोही तपासल्यानंतरच विश्वासाला पात्र ठरतो.

तो पुरावा दिला लिओनार्ड ऑयलरने. त्याचा उजवा डोळा तरुणपणीच अधू झाला होता. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसू लागले आणि मग गुंतागुंत होऊन ती दृष्टीही गेली. जंतुसंसर्गाची कल्पना नसलेल्या त्या काळात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जुगारच होता. १७७२ मध्ये, वयाच्या पासष्टीत, योहान बर्नुली याला लिहिलेल्या आणि प्रसिद्ध झालेल्या पत्रात ऑयलरने सांगितले, की ही संख्या मूळच आहे.

हे त्याने कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. एखादी संख्या मूळ आहे का हे तपासायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. इथे वर्गमूळ येते ४६,३४० च्या आसपास, आणि तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. कागदावर इतके भागाकार करायचे म्हणजे महिनोन्‌महिने गेले असते. ऑयलरने आधी विचार केला, की या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर ती कशी दिसेल? उत्तर असे मिळाले, की तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. ही चाळणी लावताच हजारो उमेदवार बाद झाले आणि शंभराहून कमी उरले. त्यांतल्या एकानेही भाग गेला नाही.

याच तत्त्वाचे सोपे रूप कोणीही घरी पडताळू शकतो. दोनाच्या ११ व्या घातातून एक वजा केला की २,०४७ येतात. नियमानुसार त्याचे विभाजक २२ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असले पाहिजेत. प्रत्यक्षात २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे ८८ अधिक १. चांगला डॉक्टर रुग्णाची हकिगत नीट ऐकून शंभर तपासण्यांवरून पाच तपासण्यांवर येतो. ऑयलरने केले ते यापेक्षा वेगळे नव्हते. नेमका प्रश्न विचारला की तपासण्या कमी लागतात आणि निदानही पक्के होते.

पुढची किमान पाऊणशे वर्षे ही जगातली ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. तिच्यापासून एक परिपूर्ण संख्याही मिळते. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते ती. जसे ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३. दर मर्सेन मूळ संख्येमागे अशी एक परिपूर्ण संख्या असते, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. ऑयलरच्या संख्येतून मिळालेली परिपूर्ण संख्या १९ अंकी आहे. इंग्लंडच्या पीटर बार्लो या गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही. कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा त्या शोधायला बसणार कोण?

बार्लोचे दोन्ही अंदाज चुकले. मोठ्या संख्या तर सापडल्याच. पण उपयोगाच्या बाबतीतही काळाने वेगळाच निकाल दिला. या मूळ संख्येवर आधारलेली, यादृच्छिक आकडे तयार करण्याची एक सोपी रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांवर फार गाजली. आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणायचे, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचे आणि जी बाकी उरेल तो पुढचा आकडा. ही संख्या मूळ असल्यामुळे आणि १६,८०७ हा गुणक विचारपूर्वक निवडलेला असल्यामुळे, दोन अब्ज चौदा कोटींहून अधिक वेगवेगळे आकडे येऊन गेल्याशिवाय मालिकेची पुनरावृत्ती होत नाही. आज याहून सरस रीती आहेत. पण यादृच्छिक आकड्यांची गरज आरोग्यशास्त्राला किती आहे, हे इथे सांगायलाच हवे. नव्या औषधाच्या चाचणीत कोणत्या रुग्णाला नवे औषध मिळेल आणि कोणाला जुने, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता अशा आकड्यांवर सोडले जाते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीने ही शिस्त घालून दिली. तिच्यावाचून आजचे कोणतेही औषध किंवा लस विश्वासाने देता आली नसती.

मात्र या आकड्याचा सर्वांत मोठा पसारा वेगळ्याच कारणाने झाला आहे. संगणक सगळे आकडे ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. अनेक वर्षे एका आकड्यासाठी ३२ घरे राखून ठेवण्याची पद्धत होती. त्यांतले एक घर आकडा अधिक आहे की उणे, हे दाखवण्यासाठी जाते. उरली ३१. त्या सगळ्या घरांत १ भरला, की येणारी संख्या म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरची तीच बेरीज, २,१४,७४,८३,६४७. यात आणखी एक मिळवला, की सगळी घरे शून्य होतात आणि हातचा चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. जुन्या रिक्षाचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा. इथे त्याहून वाईट होते. आकडा एकदम उणे दोन अब्ज चौदा कोटींवर जाऊन पडतो.

हे काल्पनिक नाही. २०१४ च्या डिसेंबरात 'गंगनम स्टाईल' या कोरियन गाण्याच्या यूट्यूबवरील प्रेक्षकसंख्येने हीच मर्यादा गाठली आणि कंपनीला मोजणीची घरे ३२ वरून ६४ करावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. विमान २४८ दिवस सलग चालू राहिले, तर वीजनिर्मिती नियंत्रकातला गणक ओसंडून सगळी वीज एकदम जाऊ शकते, असे त्यात म्हटले होते. सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरून मोजले, तर या आकड्याला पोहोचायला बरोबर २४८ दिवस आणि काही तास लागतात. ऑयलरच्या चाळणीतले २४८ आणि हे २४८ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आकड्यांच्या अशा जुळण्यांत गूढ शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडचे उदाहरणही बोलके आहे. देशात दिलेल्या करोना लशीच्या मात्रांनी १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटींचा टप्पा ओलांडला आणि पुढे एकूण आकडा २२० कोटींच्या वर गेला. म्हणजे वाटेत तो २१४ कोटी ७४ लाखांची ही सीमा पार करून गेला. ही मोजणी जुन्या ३२ घरांच्या गणकावर चालली असती, तर मोहीम ऐन भरात असताना फलकावर उणे आकडा झळकला असता. भारतासारख्या देशात 'एवढा मोठा आकडा लागणारच नाही' असे गृहीत धरून चालत नाही.

आकड्यांच्या अशा मर्यादांनी आरोग्यसेवेला प्रत्यक्ष इजा केलेली आहे. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांपैकी काहींचे प्राण गेले. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतील याकिमा येथे घडलेल्या घटनेचे मूळ एका छोट्या गणकात होते. त्याला फक्त आठ घरे दिलेली होती. दर २५६ व्या फेरीला तो शून्यावर यायचा आणि शून्य म्हणजे 'सगळे ठीक आहे' असा अर्थ यंत्र लावायचे. त्या नेमक्या क्षणी तंत्रज्ञाने कळ दाबली आणि सुरक्षेची तपासणी वगळून किरण सुटले.

इंग्लंडच्या शेफील्ड भागात २००० साली तारखेच्या हिशेबातल्या चुकीमुळे गर्भवतींची वये चुकीची मोजली गेली. पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका आईच्या वयावरून ठरतो. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचे निष्कर्ष कळवले गेले आणि ही चूक काही महिने कोणाच्याही लक्षात आली नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस तिथेच जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढचा मजकूर मावला नाही आणि करोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढे दिवस लांबला. ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात. तिन्ही प्रसंगांत कोणाचा हेतू वाईट नव्हता. भांडे लहान होते आणि ते भरत आले आहे, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

आता २०३८ कडे. युनिक्स या संगणक प्रणालीने आणि तिच्या वंशातल्या अनेक प्रणालींनी वेळ मोजण्याची एक सुटसुटीत रीत घालून दिली. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे भारतात त्या पहाटे साडेपाचपासून, किती सेकंद उलटले एवढेच मोजायचे. तारीख, वार, महिना त्यावरून काढायचा. हे सेकंद ३२ घरांत साठवले, की घड्याळ ६८ वर्षे चालते. १९ जानेवारी २०३८ ला ती मुदत संपते. त्यानंतरचा सेकंद उणे आकडा होतो, आणि १९७० च्या मागे ६८ वर्षे म्हणजे डिसेंबर १९०१.

घाबरून जाण्याचे कारण नाही. अलीकडचे मोबाइल आणि संगणक वेळेसाठी ६४ घरे वापरतात आणि त्यांची मर्यादा २९ हजार २०० कोटी वर्षांवर आहे. विश्वाचे आजचे वयच १,३८० कोटी वर्षे आहे. पेसमेकर बसवलेल्यांनीही धास्ती घेऊ नये. हृदयाला कधी ठोका द्यायचा, हे पेसमेकर हृदयाच्या विद्युत संकेतांवरून ठरवतो, दिनदर्शिकेवरून नाही. प्रश्न आहे तो भिंतीवर, ट्रॉलीवर आणि तळघरात वर्षानुवर्षे मुकाट काम करणाऱ्या यंत्रांचा. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, डायलिसिसची यंत्रे, प्रयोगशाळेतले विश्लेषक, क्ष-किरण यंत्रे, लशींच्या शीतसाखळीचे तापमान नोंदवणारी उपकरणे: यांच्या आत लहानसा संगणक असतो. तो कोणत्या प्रणालीवर चालतो, हे वापरणाऱ्याला सहसा माहीत नसते. यंत्र चालू आहे ना, एवढेच वॉर्डला हवे असते.

अशा यंत्राची तारीख चुकली तर काय होईल? बहुतेक ठिकाणी ते चालत राहील आणि नोंदीवर फक्त चुकीची तारीख छापली जाईल. पण ती चुकीची तारीख पुढे कुठे जाते, ते महत्त्वाचे आहे. रक्ताच्या दोन तपासण्यांमधले अंतर, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे तासांमध्ये मोजले जाणारे वय, रक्तपिशवीची किंवा अभिकर्मकाची मुदत, यंत्राच्या प्रमाणीकरणाची तारीख, मागच्या डोसपासून गेलेला वेळ, हे सगळे तारखांच्या वजाबाकीतून येते. वजाबाकी चुकली, तर उत्तर मोठ्या आवाजात चुकेलच असे नाही. शेफील्डमध्ये ते गुपचूप चुकले होते.

सरकारी रुग्णालयांची अडचण यात सर्वाधिक आहे, कारण इथे यंत्रे लवकर बदलली जात नाहीत. खासगी रुग्णालय पाच-सात वर्षांत विकून टाकेल असे यंत्र जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात बारा-पंधरा वर्षे दुरुस्त करून करून वापरले जाते. त्यात कमीपणा काही नाही. गरिबांची सेवा त्यावरच चालते. पण त्याचा अर्थ असा, की आज खरेदी होणाऱ्या यंत्रांपैकी बरीच २०३८ च्या त्या सकाळी कामावर असतील. देणगी म्हणून आलेल्या जुन्या यंत्रांचा तर इतिहासच कोणाजवळ नसतो.

म्हणून करायची कामे आजची आहेत, आणि त्यांना मोठा निधी लागत नाही. पहिले, निविदेच्या तांत्रिक अटींत एक ओळ घालावी: १९ जानेवारी २०३८ नंतरही यंत्राचे घड्याळ आणि नोंदी बरोबर चालतील, अशी लेखी हमी पुरवठादाराने द्यावी. दुसरे, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राचे नाव आणि किंमत लिहिलेली असते. तिथेच आज्ञावलीची आवृत्ती आणि ती अद्ययावत केल्याची तारीख यांचा रकाना वाढवावा. तिसरे, वार्षिक देखभाल करार करताना हाच प्रश्न जुन्या यंत्रांच्या बाबतीत कंपनीला लेखी विचारावा. कंपनी बंद पडली असेल तर तशी नोंद करावी. चौथे, यंत्र रुग्णाला जोडलेले नसताना जैववैद्यकीय अभियंत्याने तारीख २०३८ च्या पुढे नेऊन ते कसे वागते, हे पाहावे. हे काम वॉर्डच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःहून करू नये. काही यंत्रांत तारीख बदलली की परवाने आणि प्रमाणीकरण बिघडते. पाचवे, २००० सालच्या वेळी घडले तसे शेवटच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा अतिदक्षता विभाग, नवजात शिशू कक्ष, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा या चार ठिकाणांपासून सुरुवात करावी.

या कामात कौतुक वाट्याला येत नाही. २००० सालचा संगणकदोष फारसा जाणवला नाही, तेव्हा 'उगाच बाऊ केला' असे अनेक जण म्हणाले. तो जाणवला नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे आधीची कित्येक वर्षे हजारो लोक जुन्या आज्ञावली ओळ-ओळ तपासत बसले होते. लसीकरणाचेही तसेच आहे. गोवर झाला नाही, की लस कशाला घेतली असे वाटू लागते. जे टळले, ते मोजता येत नाही. म्हणून टाळणाऱ्याचे श्रमही दिसत नाहीत.

आकड्यात दोष नाही. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या ऑयलरच्या काळात जशी अभेद्य होती तशीच आजही आहे आणि २०३८ नंतरही राहील. माणसाने तिचा उपयोग भांड्याच्या काठासारखा केला आणि काठ कुठे आहे, हे विसरला. रुग्णालयात येणाऱ्या माणसाला या आकड्याची माहिती असण्याची गरज नाही. त्याच्या बाळाच्या वयाचे तास मोजणारे यंत्र ज्यांनी विकत घेतले, तपासले आणि वापरले, त्यांना मात्र ती असायला हवी. पुढची खरेदीची फाइल टेबलावर येईल, तेव्हा त्या एका ओळीची जागा रिकामी राहता कामा नये.